आठशे कोटी नाके

खडकवासला धरण काठोकाठ भरले की त्यात १.९७ टीएमसी पाणी मावते. पावसाळ्यात पुण्याची वर्तमानपत्रे धरणसाठ्याचे आकडे रोज छापतात, त्यामुळे पुणेकरांना ते तोंडपाठ असतात. हाच साठा लिटरमध्ये मांडला तर सुमारे ५,५८० कोटी लिटर होतो. आता या सगळ्या पाण्यात जिओस्मिन नावाचा पदार्थ कालवायचा आहे असे समजा. जमिनीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात आणि पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो, त्यात याचा मोठा वाटा असतो. लिटरभर पाण्यात साधारण ५ नॅनोग्रॅम जिओस्मिन असले, म्हणजे एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करून त्यातले अवघे पाच, तरी पाण्याला मातकट वास येऊ लागतो. मग अख्ख्या खडकवासल्याला हा वास यायला किती जिओस्मिन लागेल? गुणाकार केला तर उत्तर येते सुमारे २८० ग्रॅम. पाव किलो आणि वर थोडेसे.

माणसाचे नाक कुत्र्यापुढे अगदीच दुबळे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जिओस्मिनचा हिशेब पाहिला की ती समजूत डळमळते. पण मला या आकड्यात गुंतवून ठेवणारी गोष्ट वेगळीच आहे. ५ नॅनोग्रॅमला वास येतो तो कुणाला? हे आकडे अनेकांच्या चाचण्यांतून काढलेले असतात. त्या गटात एखाद्याला त्याहून कितीतरी कमी मात्रेतही वास येतो आणि एखाद्याला कितीतरी जास्त मात्रेतही येत नाही. शास्त्रज्ञ एक आकडा लिहितात तेव्हा त्यामागे अनेक नाके दडलेली असतात, आणि ती एकसारखी नसतात.

ती किती वेगळी असतात, हे कळायला १९९१ साल उजाडावे लागले. कोलंबिया विद्यापीठात लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांनी उंदरांच्या नाकात गंधग्राहकांचे एक भलेमोठे जनुककुटुंब शोधून काढले. गंधग्राहक म्हणजे नाकातल्या चेतापेशीच्या पृष्ठभागावरचे प्रथिन. हवेतून आलेला गंधरेणू त्यावर बसला की पेशी मेंदूकडे संदेश पाठवते. या कामाला २००४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे माणसाचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला तेव्हा दिसले की आपल्याकडे अशी सुमारे ४०० चालू जनुके आहेत. त्याच घराण्यातली, पण उत्क्रांतीच्या ओघात मोडून पडलेली जनुके त्याहूनही जास्त आहेत. प्रथिने बनवणारी आपली एकूण जनुके साधारण २०,००० आहेत. म्हणजे दर पन्नास जनुकांपैकी एक केवळ वास घेण्यासाठी राखून ठेवलेले. २० वे आणि वाय ही दोन सोडली तर बाकी सगळ्या गुणसूत्रांवर ती विखुरलेली आहेत. डोळ्याला रंग ओळखायला तीन प्रकारचे ग्राहक पुरतात. नाकाला चारशे लागतात. आफ्रिकी हत्तीकडे तर अशी जवळजवळ २,००० चालू जनुके आहेत, आपल्या पाचपट!

चारशे ग्राहक म्हणजे चारशे वास, असा सरळ हिशेब मात्र नाही. एक गंधरेणू अनेक ग्राहकांना कमी-अधिक जोराने जागे करतो, आणि एक ग्राहक अनेक रेणूंना प्रतिसाद देतो. पेटीवर दोन-तीन पट्ट्या एकदम दाबल्या की जसा एकच भरीव नाद ऐकू येतो, तसा हा चारशे पट्ट्यांचा मामला आहे. प्रत्येक ग्राहक जागा किंवा झोपलेला, एवढ्या दोनच शक्यता धरल्या तरी चारशे ग्राहकांच्या मिळून किती जुळण्या होतात? ही संख्या लिहायला १२१ अंक लागतात. दृश्य विश्वातल्या सगळ्या अणूंचा प्रचलित अंदाज लिहायला ८१ अंक पुरतात. अर्थात यातल्या बहुतेक जुळण्या प्रत्यक्षात कधीच घडत नाहीत, कारण त्या घडवणारे रेणूच अस्तित्वात नाहीत.

माणूस किती वास ओळखू शकतो, या प्रश्नाभोवती एक प्रसिद्ध आकडाही फिरत असतो. २०१४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी २६ जणांना मिश्रणे हुंगायला देऊन असे गणित मांडले की माणसाला किमान एक लाख कोटी वास वेगवेगळे ओळखता यावेत. जगभर मथळे झळकले. पुढच्याच वर्षी इतर अभ्यासकांनी दाखवून दिले की गृहीतके थोडी हलवली की हे उत्तर प्रचंड वर-खाली होते. म्हणून हा आकडा मी बाजूला ठेवतो. त्याच्या आधीचा, १९२७ सालापासून पाठ्यपुस्तकांतून चालत आलेला १०,००० वासांचा आकडाही तितकाच डळमळीत आहे. वास किती हे मोजण्यापेक्षा नाके किती प्रकारची हे मोजणे जास्त भक्कम आहे, कारण तिथे जनुकांची अक्षरे वाचता येतात.

पहिली मोठी मोजणी इस्राएलच्या वाइझमान संस्थेत झाली आणि २००३ साली प्रसिद्ध झाली. तिथल्या संशोधकांनी वेगवेगळ्या वंशांच्या १८९ जणांमध्ये ५१ गंधग्राहक जनुके तपासली. त्यातली २६ जनुके अशी निघाली की काही माणसांत ती धडधाकट असतात आणि काहींत मोडलेली. एकाच काळात जगणाऱ्या दोन माणसांत इतका फरक! आता यावर माझा एक हिशेब. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. म्हणजे दर जनुकामागे तीन शक्यता: दोन्ही चालू, एक चालू, दोन्ही बंद. अशा २६ जनुकांच्या एकूण जुळण्या होतात दोन लाख चोपन्न हजार कोटींहून जास्त. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या थोडी पुढे आहे. दर माणसाला तीनशे वेगवेगळे नमुने वाटून दिले तरी ही यादी पुरून उरते. जनुके गुणसूत्रावर शेजारीशेजारी असली की एकत्रच वारशात येतात, त्यामुळे प्रत्यक्षातली विविधता या गणिताहून कमी भरेल. पण हे केवळ २६ जनुकांचे झाले, आणि तेही मोडके की धडधाकट एवढेच पाहून.

धडधाकट दिसणाऱ्या जनुकांतही फरक असतात. २०१४ साली अमेरिकेतल्या मोनेल केंद्रातल्या आणि ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ५११ मानवी गंधग्राहक पेशींमध्ये उतरवून ७३ गंधद्रव्यांवर तपासले. जनुकातल्या छोट्या बदलाने ग्राहकाचे काम खरोखर बदलते का, हा त्यांचा प्रश्न होता. ज्या ग्राहकांनी यातल्या एखाद्या गंधद्रव्याला प्रतिसाद दिला, त्यांपैकी ६३ टक्क्यांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी आले. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला या सगळ्या शास्त्रातला सर्वांत थक्क करणारा वाटतो: कुठलीही दोन माणसे घेतली तर त्यांच्या गंधग्राहक जनुकांच्या प्रतींपैकी सरासरी ३० टक्क्यांहून जास्त प्रती कामाच्या दृष्टीने वेगळ्या असतात. एका ताटात जेवणाऱ्या नवरा-बायकोची नाकेही याला अपवाद नाहीत.

आणखी एक गंमत नाकाच्या आत आहे. आपल्या नाकात वास घेणाऱ्या चेतापेशी साधारण ६० लाख ते १ कोटी असतात. यातली प्रत्येक पेशी चारशेपैकी एकच ग्राहक निवडते. तेवढ्यावर न थांबता त्या जनुकाच्या दोन प्रतींपैकीही एकच वापरते, आईची किंवा वडिलांची. दोन्ही प्रती सारख्या नसल्या तर एकाच नाकात काही पेशी आईच्या जनुकाने वास घेत असतात आणि काही वडिलांच्या. या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी नव्या येतात, हे जन्मभर चालू राहते. ही निवड प्रत्येक नव्या पेशीत पुन्हा होते.

आता या फरकांमुळे वासात नेमके काय बदलते, याची काही पक्की उदाहरणे पाहू.

व्हायोलेट फुलांच्या सुगंधातला मुख्य रेणू म्हणजे बीटा-आयोनोन. तो गुलाबात, टोमॅटोत, चहात आणि रासबेरीतही असतो. न्यूझीलंडच्या संशोधकांनी २०१३ साली दाखवले की तो जाणवणे किंवा न जाणवणे हे ओआर५ए१ या एका जनुकातल्या एका अक्षरावर ठरते. माणसाच्या जनुकसंचात अशी अक्षरे सुमारे ३१० कोटी असतात. त्यातले एक बदलले की प्रथिनातला १८३ वा अमिनो आम्लाचा मणी बदलतो आणि या रेणूबद्दलची संवेदना कोसळते. माणसामाणसांतला या वासाबद्दलचा ९६ टक्के फरक या एका अक्षराने उलगडतो. ज्यांच्याकडे संवेदनशील रूप आहे ते याला फुलांचा, सुवासिक म्हणतात. ज्यांच्याकडे नाही त्यांना फारच जास्त मात्रेत तो जाणवतो, आणि तेव्हाही आंबट, नाकाला झोंबणारा वाटतो. अत्तराची एकच बाटली एकाला बाग वाटते आणि दुसऱ्याला सिरका, आणि दोघेही खरे बोलत असतात.

ॲन्ड्रोस्टेनोनची कथा याहून रंगतदार आहे. हा टेस्टोस्टेरॉनच्या कुळातला रेणू नर डुकराच्या लाळेत आणि चरबीत असतो, माणसाच्या घामातही सापडतो. काहींना त्याला घामाचा, मुताचा उग्र दर्प येतो. काहींना गोडसर, फुलासारखा वास येतो. काहींना काहीच येत नाही. २००७ साली रॉकफेलर आणि ड्यूक विद्यापीठांच्या गटांनी ३३५ ग्राहकांची ६६ गंधद्रव्यांवर चाचणी घेऊन ओआर७डी४ हे जनुक पकडले. त्याचे एक रूप असे आहे की प्रथिनातले दोनच मणी वेगळे, आणि तेवढ्याने ते जवळजवळ निकामी होते. सुमारे चारशे लोकांना हा वास देऊन, त्याच वेळी त्यांचे जनुक वाचून, त्यांनी दाखवले की चालू रूपाच्या दोन प्रती असणाऱ्यांना तो जास्त उग्र आणि किळसवाणा वाटतो. माणसाच्या एखाद्या गंधग्राहकाचा आणि त्याच्या अनुभवाचा असा थेट धागा पहिल्यांदाच हाती लागला होता. युरोपात नर डुकरांच्या मांसाला येणारा वास हा शेतकऱ्यांपुढचा जुना आर्थिक प्रश्न आहे. गिऱ्हाइकांपैकी काहींनाच तो का खटकतो, याचे एक उत्तर इथे मिळते.

शतमूळ वर्गातली ॲस्पॅरॅगस ही भाजी आपल्याकडे फारशी रुजलेली नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. ती खाल्ल्यावर लघवीला एक गंधकी वास येतो. ६,९०९ जणांच्या एका पाहणीत सुमारे ६० टक्के लोक म्हणाले की आम्हाला तो येत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या गुणसूत्रावरचे ८७१ फरक त्याच्याशी जोडलेले सापडले.

आपल्या स्वयंपाकघरात शिरणारे उदाहरण म्हणजे कोथिंबीर. तिचा वास अल्डिहाइड नावाच्या रेणूंमुळे असतो, आणि याच जातीचे रेणू साबणातही सापडतात. २०१२ साली अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी कंपनीने आपल्या १४,६०४ गिऱ्हाइकांच्या उत्तरांची त्यांच्या जनुकांशी सांगड घातली. ज्यांना कोथिंबिरीला साबणासारखी चव लागते, त्यांच्यात ओआर६ए२ या गंधग्राहकाजवळचा एक फरक जास्त आढळला. त्याच वर्षी टोरांटोमध्ये तरुणांची पाहणी झाली. तिथे कोथिंबीर न आवडणाऱ्यांचे प्रमाण वंशानुसार ३ टक्क्यांपासून २१ टक्क्यांपर्यंत निघाले, आणि दक्षिण आशियाई मुळांच्या तरुणांत ते ७ टक्के होते. परदेशातल्या तरुणांचा आकडा जसाच्या तसा इथे लावणे योग्य नाही, हे मान्य. तरी अंदाजापुरते पाहा: २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची लोकसंख्या ११.२४ कोटी. तिचे ७ टक्के म्हणजे ७८ लाखांहून जास्त माणसे. पोह्यांवर, भेळेवर, आमटीवर न विचारता कोथिंबीर भुरभुरणाऱ्या राज्यात ही संख्या अगदी निम्मी निघाली तरी ती मोठीच आहे. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. कोथिंबिरीच्या बाबतीत जनुकाचा वाटा लहान आहे. सवयीचा वाटा मोठा असणार, आणि पाळण्यापासून कोथिंबिरीचा वास घेत वाढलेल्या मुलाला तो साबणाचा न वाटता जेवणाचा वाटू लागणे अगदी शक्य आहे.

माशांची कथा आइसलंडची आहे आणि कोकणातल्या माणसाला ती विशेष वाटेल. समुद्रातला मासा शिळा होऊ लागला की जिवाणू त्यात ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात. मासळीचा जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः याचाच. २०२० साली आइसलंडच्या डीकोड जेनेटिक्सने ११,३२६ लोकांना सहा वास देऊन ते ओळखायला सांगितले. काही थोड्यांच्या टीएएआर५ नावाच्या ग्राहक जनुकात एक बदल निघाला. या मंडळींना मासळीचा वास झोंबत नव्हता, आणि त्यांच्यापैकी काहींनी त्याचे वर्णन बटाटा, कॅरॅमल, केचप, एवढेच काय गुलाब असेही केले. मासेमारीवर जगत आलेल्या देशात हा बदल इतर अनेक ठिकाणांपेक्षा जास्त प्रमाणात आढळतो. तो तिथे उपयोगी पडला म्हणून टिकला की योगायोगाने, यावर घाईने बोलू नये. पण सुकट-बोंबलाच्या वासावरून शेजाऱ्यांशी भांडण होते तेव्हा ज्याला तो वास असह्य होतो त्याला आणि ज्याला तो भूक चाळवणारा वाटतो त्याला एकच वास येतो आहे, हे आपण कशाच्या जोरावर गृहीत धरतो?

जनुकांच्या नावाने सगळे मोजून टाकावे, असे मला म्हणायचे नाही. मोनेल केंद्राने २०१९ साली ३३२ जणांना ६८ वास दिले आणि त्यांच्या गंधग्राहक जनुकांशी उत्तरे ताडून पाहिली. एखादा ग्राहक दुबळा असला की तो वास बहुधा फिका जाणवतो, हे दिसले. पण जनुक, वंश, वय आणि स्त्री-पुरुष भेद हे सगळे एकत्र धरूनही काही वासांमधला १० ते २० टक्केच फरक समजावता आला. आयोनोनचे ९६ टक्के हा नियम नसून अपवाद आहे. बहुतेक वासांना एकाच वेळी कित्येक ग्राहक साद देतात, त्यामुळे एक मुका झाला तरी बाकीचे सांभाळून घेतात. ज्या रेणूंसाठी नाकाची सगळी भिस्त एखाद-दुसऱ्या ग्राहकावर असते, तिथेच एका अक्षराचा दणका बसतो.

आणि असे रेणू आपल्या ताटात आहेत. जर्मनीतल्या फ्रायझिंगच्या संशोधकांनी मानवी ग्राहकांची ३९१ मूळ आणि २२५ बदललेली रूपे तपासून २०२१ साली सांगितले की मेथीच्या वासामागचा सोटोलोन हा रेणू ओआर८डी१ या ग्राहकाला जागा करतो, तर फ्युरानिऑल हा रेणू ओआर५एम३ ला. फ्युरानिऑल हापूस आंब्याच्या सुगंधातला महत्त्वाचा घटक आहे, आणि हापूसच्या सुगंधावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरेच काम झालेले आहे. म्हणजे रेणू आपल्याला माहीत आहे, ग्राहक माहीत आहे. उरला प्रश्न त्या ग्राहकाची कुठली रूपे इथल्या माणसांत आहेत आणि त्यांना हापूस कसा लागतो, हा. जीनोम इंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचून ती माहिती जानेवारी २०२५ मध्ये अभ्यासकांना खुली केली. पुण्याच्या आयसरमध्ये घ्राणेंद्रियावर संशोधन चालते. आइसलंडच्या माणसांची नाके आपण जाणतो तशी रत्नागिरीच्या, गडचिरोलीच्या, पणजीच्या माणसांची जाणायला हवीत. त्यासाठी मेथी, हापूस, आंबेमोहोर आणि सुकट यांची एक साधी वास-चाचणी आणि थोडे रक्त, एवढी सामग्री पुरे.

रंगांधळेपणाला आपल्याकडे नाव आहे, त्याची चाचणी आहे, आणि रेल्वेचे इंजिन चालवणाऱ्याची ती घेतली जाते. तीन ग्राहकांपैकी एकात बिघाड झाला तर त्याची दखल सरकारदरबारी घेतली जाते. चारशेपैकी डझनभर ग्राहक मुके असलेला माणूस मात्र नखरेल ठरतो. ताटातली मेथी बाजूला सारणाऱ्या मुलाला धपाटा मिळतो. हा अन्याय आहे आणि तो थांबायला हवा.

नाकांमधला हा फरक केवळ आवडीनिवडीपुरता नाही. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मर्कॅप्टन मिसळतात. हवेच्या शंभर कोटी भागांत एका भागाहूनही कमी असले तरी ते बहुतेकांना जाणवते. २०१६ साली रसायनशास्त्रज्ञांनी अशा गंधकी रेणूंना ओळखणारा ओआर२टी११ हा ग्राहक दाखवून दिला, आणि त्याला हे काम करायला तांब्याचे आयन लागतात हेही. इतर ग्राहकांसारखीच या ग्राहकाचीही जबाबदारी प्रत्येक नाकात सारखी पार पडेलच असे नाही, आणि वाढत्या वयात, सर्दीत, कोविडनंतर ती आणखी ढासळू शकते. म्हणून घरातल्या एकाला गॅसचा वास येतो आहे आणि बाकीच्यांना येत नाही, असे झाले तर मतदान घेऊ नका. ज्याला वास आला त्याचे ऐका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, बाहेर या आणि १९०६ वर फोन करा.